अर्ज ऑनलाइन गेला, पण अडकला का ते सेतूवाल्यालाच ठाऊक

आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या कोणत्याही सेवा केंद्रासमोर अर्धा तास उभं राहा. एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "भाऊ, बघ की, माझं कशामुळं अडकलंय?" पलीकडचं उत्तरही ठरलेलं. "काका, साइटला एवढंच दाखवतंय, प्रलंबित. पुढच्या आठवड्यात चक्कर मारा." काका कागदं परत पिशवीत घालतात, पिशवी काखेत मारतात आणि निघतात. जायचं-यायचं भाडं गेलं, दिवसाचं काम बुडालं आणि हातात आला एकच शब्द, प्रलंबित.

सरकारी काम ऑनलाइन झालं याचा फायदा झालाच नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागं फिरायचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना विचारा. आज १५ रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या निघतो, त्यावर सही-शिक्का लागत नाही, आणि खरा आहे का खोटा हे खालच्या १६ अंकी क्रमांकावरून कुणालाही तपासता येतं. नुसता बघायचा असेल तर महाभूलेखवर फुकट दिसतो. जुने दिवस परत यावेत असं कुणालाच वाटत नाही.

पण ऑनलाइन झाला तो अर्ज. अर्जासोबत लागणारी माहिती ऑनलाइन आली नाही. कोणतं कागदपत्र खरंच लागतं, अर्ज नेमका कुणाच्या टेबलावर अडकला, अडकायचं कारण काय आणि ते कुठं दुरुस्त होतं, या चार गोष्टी कळल्या तर अर्ध्या चकरा वाचतात. आणि त्याच चार गोष्टी बहुतेक पोर्टलवर सापडत नाहीत. त्या ऑनलाइनवाल्याला माहीत असतात, एजंटाला माहीत असतात, कार्यालयातल्या बाबूला माहीत असतात. पूर्वी कागद अडवून पैसे मागितले जायचे. आता कागद कुणी अडवत नाही, माहिती अडते. आणि जे अडतं त्याची किंमत लागते, हे गावात कुणाला शिकवायला नको.

दोन पोर्टल, दोन तऱ्हा

पोर्टलनं कारण सांगितलं तर काय फरक पडतो, हे बघायला लांब जायची गरज नाही. पीएम किसानचं उदाहरण घ्या. २०१९ पासून ही योजना चालू आहे, वर्षाला ६ हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. सुरुवातीच्या काळात हप्ता थांबला की शेतकरी बँकेत जायचा, बँकवाला तहसीलला पाठवायचा, तहसीलवाला कृषी कार्यालयाकडं बोट दाखवायचा. पुढं पोर्टलवर आपली स्थिती बघायची सोय चांगली झाली. नोंदणी क्रमांक टाकला की तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. ई-केवायसी झाली का, जमिनीची नोंद जोडली गेली का आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का. जिथं "नाही" दिसतं तिथं दुखणं आहे.

यात फार मोठं तंत्र नाही. पण या तीन ओळींमुळं काम सोपं झालं. ई-केवायसी नसेल तर केंद्रात जा किंवा मोबाईलवर करा. आधार जोडणी नसेल तर बँकेत जा. जमिनीच्या नोंदीत "नाही" असेल तर तालुक्याला जा, बँकेत जाऊन उपयोग नाही. चार दारांपैकी कोणतं ठोठवायचं हे घरीच कळतं. पोरगं बारावीला असलं तरी आजोबांचं बघून सांगतं. ज्या कामाचं कारण उघड दिसतं त्या कामासाठी एजंट दोनशे रुपये कशाला मागेल आणि मागितले तरी कोण देईल?

आता दुसरी तऱ्हा बघा. अतिवृष्टीचं अनुदान. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि बाजूच्या जिल्ह्यांत पावसानं जे केलं ते सांगायची गरज नाही. सोयाबीन पाण्यात गेलं, कुठं जमीनच खरवडून गेली. सरकारनं ऑक्टोबरात ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार, बागायतीला १७ हजार, फळबागेला साडेबावीस हजार, मर्यादा दोनऐवजी तीन हेक्टर आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी वेगळे १० हजार. आकडे सगळ्यांना पाठ झाले. टीव्हीवर, मोबाईलवर, पारावर तेच चालू होतं.

आकडे कळले, वाट कळली नाही. पैसा खात्यावर यायची वाट अशी असते. आधी पंचनामा, त्यावरून गावची यादी, यादी तहसीलमधून पोर्टलवर चढते, प्रत्येकाच्या नावापुढं विशिष्ट क्रमांक पडतो, गावात ज्याला नुसतं "व्हीके नंबर" म्हणतात. तो नंबर घेऊन केंद्रात अंगठा दिला की केवायसी होते, मग पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर जातात. शेतकरी ओळख क्रमांक म्हणजे फार्मर आयडी असणाऱ्यांना केवायसीची गरज नाही, असं सरकारनं त्या वेळी सांगितलं. ही एवढीच पायरी-पायरीची गोष्ट आहे.

पण विशिष्ट क्रमांकाची यादी सामान्य माणसापर्यंत येते कशी? तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच) व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ पडते. ती पीडीएफ केंद्रवाल्याकडं जाते. ज्याचा तलाठ्याच्या ग्रुपमध्ये नंबर आहे त्याला कळलं. ज्याच्याकडं बटणाचा फोन आहे, जी बाई एकटी शेती करते, जो ऊसतोडीला कारखान्यावर गेलाय, त्याला यादी लागल्याचंच कळत नाही. नाव यादीत आहे, नंबर पडलेला आहे, सरकारच्या दप्तरी पैसा मंजूर आहे आणि शेतकरी म्हणतोय आपलं तर आलंच नाही.

यात सगळ्यात जास्त भरडले जातात ते सामायिक खातेदार आणि वारस नोंद न झालेले. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं, पैसा कुणाच्या खात्यावर घ्यायचा यासाठी इतरांची संमती हवी. किंवा खातेदार वारलेला, पोरांची नावं अजून लागली नाहीत. अशा नावांपुढं रक्कम तशीच पडून राहते. कोणत्या कागदानं ती सुटते हे स्वच्छ मराठीत चार ओळींत त्याच पानावर लिहायला काय हरकत होती? पैसे गेले की नाही हे आपत्ती व्यवस्थापनाच्या पोर्टलवर विशिष्ट क्रमांक टाकून बघता येतं. पण तो क्रमांकच ज्याला मिळाला नाही, त्यानं काय टाकायचं?

आधी कळलं त्याचा ट्रॅक्टर

महाडीबीटीवर एक बदल झाला तो नीट समजून घेण्यासारखा आहे. पूर्वी अवजारं, ठिबक, शेडनेट यासाठी अर्ज भरले की लॉटरी निघायची. नशिबाचा खेळ होता, तक्रारीही होत्या. पण लॉटरीत एक गोष्ट होती. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज भरणाराही पहिल्या दिवशी भरणाऱ्याच्याच रांगेत असायचा. २०२५ पासून पद्धत बदलली. आता प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य.

ऐकायला हे न्यायाचं वाटतं. जो आधी आला त्याला आधी. पण आधी येतो कोण? ज्याला आधी कळलं तो. योजना कधी उघडली, कोणत्या घटकाला पैसा आहे, हे ज्याच्या कानावर पहिल्या दिवशी आलं त्याचा नंबर वर. तालुक्याच्या गावात राहणारा, विक्रेत्याच्या ओळखीचा, केंद्रवाल्याच्या रोजच्या बैठकीतला माणूस पुढं. वाडीवरचा, तांड्यावरचा मागं. लॉटरीत माहिती उशिरा मिळाली तर फारसं बिघडत नव्हतं. आता उशीर म्हणजे अनुदान गेलं. त्यामुळं नियम बदलला तेव्हाच माहिती द्यायची पद्धतही बदलायला हवी होती. योजना उघडायच्या आधी आठ-पंधरा दिवस गावोगाव दवंडी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारीख, नोंदणी असलेल्या प्रत्येकाला मेसेज. असं झालं तरच "प्रथम येणारा" या शब्दाला अर्थ.

आणि मेसेजचंही एक दुखणं आहे. अर्ज भरताना मोबाईल नंबर कुणाचा टाकला? खूप ठिकाणी केंद्रवाल्याचा. काकांकडं फोन नव्हता, किंवा ओटीपी लवकर यावा म्हणून पोरानं स्वतःचाच नंबर ठोकला. काम त्या दिवशी झालं. पण पुढं निवड झाल्याचा मेसेज, कागदपत्रं अपलोड करायची मुदत, अर्ज रद्द झाल्याची सूचना, सगळं त्या नंबरवर. एका केंद्रावर शेकडो अर्ज असतात, तो कुणाकुणाला कळवणार? निवड होऊनही मुदतीत कागद न दिल्यामुळं अर्ज बाद झाला, अशी तक्रार घेऊन लोक कृषी कार्यालयात जातात. तिथले म्हणतात, मेसेज पाठवला होता. ते खोटं बोलत नसतात. मेसेज गेलेलाच असतो, फक्त दुसऱ्याच्या खिशात.

शिळी माहिती, नुकसान ताजं

माहिती नसणं वाईट, पण जुनी माहिती त्याहून वाईट. पीक विम्यात हे अगदी ठळक दिसलं.

२०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा मिळत होता. त्या वेळी गारपीट, अतिवृष्टी, काढणीनंतरचं नुकसान झालं की ७२ तासांत कळवायचं, हे शेतकऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं गेलं. ॲपवर फोटो टाका, टोल फ्रीला फोन करा. लोक शिकले. मग २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकाला ५ टक्के झाला. ही बातमी सगळ्यांपर्यंत गेली, कारण खिशातून पैसे गेले. पण त्याच निर्णयात दुसरीही गोष्ट होती. राज्यानं स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल स्थिती, काढणीनंतरचं नुकसान हे जोडीचे निकष काढून टाकले आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर ठेवली. ही गोष्ट मात्र फार थोड्यांना कळली.

मग सप्टेंबरात पाणी आलं तेव्हा लोक काय करत होते? चिखलात उभं राहून फोटो काढत होते, ७२ तास उलटतील म्हणून धावपळ करत होते. यूट्यूबवर दोन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ होते, त्यात तसंच सांगितलं होतं. व्हिडिओवाल्याला व्ह्यूज मिळाले. पण सरकारी पोर्टलनं ठळक अक्षरांत "ही पद्धत या हंगामापासून लागू नाही" असं लिहिलं असतं तर ती धावपळ वाचली असती. शिवाय अतिवृष्टीचं सरकारी अनुदान वेगळं आणि विमा वेगळा, हेही अजून अनेकांना स्पष्ट नाही. पंचनामा झाला म्हणजे विमा मिळणार, अशी समजूत घट्ट आहे.

विम्याचीच दुसरी बाजू. एक रुपयाच्या काळात बीडसह काही जिल्ह्यांत बोगस विमा अर्ज निघाले. दुसऱ्याच्या जमिनीवर, गायरानावर, पीक नसलेल्या रानावर विमा भरलेला. सरकारनं चौकशी केली, अर्ज रद्द केले, काही केंद्रांवर कारवाई झाली. हा घोटाळा शोधायला यंत्रणेला कष्ट पडले. गावाला पडले असते का? समजा गावच्या विम्याची गटवार यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली असती, गट नंबर, पीक, क्षेत्र, विमा भरणाऱ्याचं नाव. देवळाच्या कट्ट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी अर्ध्या तासात सांगितलं असतं की या गटात कांदा कधीच नव्हता आणि हा माणूस आपल्या गावचाच नाही. गावाकडं असलेलं हे ज्ञान कोणत्याच संगणकात नाही. पोर्टल म्हणजे सरकारनं सांगायचं आणि लोकांनी ऐकायचं एवढंच असेल तर ते ज्ञान वाया जातं.

लाडक्या बहिणीच्या केवायसीतही हेच झालं. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांचा ओटीपी मागितला. ज्या बाईचा नवराही गेला आणि वडीलही गेले तिनं काय टाकायचं? महिन्याचे दीड हजार बंद होतील या धास्तीनं अशा बायका केंद्राकेंद्रांवर फिरल्या. नंतर मुदत वाढली, मृत्यूचा दाखला वगैरे कागद अंगणवाडी सेविकेकडं द्यायचे असं ठरलं. अशा बायका प्रत्येक गावात आहेत, हे अंगणवाडी ताईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अर्ज तयार करताना तिला विचारलं असतं तर?

सेतूवाला खलनायक नाही

इथं एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. सगळा दोष केंद्रवाल्यावर टाकणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्याला एका अर्जामागं मिळणारं कमिशन ठरलेलं आणि थोडं. जागेचं भाडं, वीज, नेट, प्रिंटरची शाई त्याच्या डोक्यावर. शेवटच्या तारखेला सर्व्हर पडला की शिव्या त्याला. रात्री बारा वाजता साइट हलकी होते म्हणून बारा वाजता बसून अर्ज भरणारी पोरं याच तालुक्यांत आहेत. दरफलकापेक्षा जास्त घेणारेही आहेत, हे नाकारता येत नाही. त्यांची तक्रार व्हायलाच पाहिजे. दरफलक लावणं हे केंद्राचं बंधन आहे आणि पावती मागणं हा आपला हक्क.

पण या पोरांकडं जे आहे ते सरकारच्या कोणत्याही माहितीपुस्तकात नाही. त्यांचे आपसातले ग्रुप असतात. कुणाला एखादी अडचण आली की स्क्रीनचा फोटो टाकतो, दुसरा पाच मिनिटांत सांगतो. नावात वेलांटी वेगळी असली तर आधी आधार दुरुस्त कर. खातं चालू आहे पण पैसे परत जातायत, म्हणजे आधार दुसऱ्याच बँकेला जोडलेलं आहे. अंगठा उमटत नसेल तर डोळ्याचं मशीन कुठल्या केंद्रावर आहे. हे खरं ज्ञान. रोजच्या हजार अडचणींतून तयार झालेलं.

हेच प्रश्न आणि हीच उत्तरं विभागानं दर महिन्याला गोळा करून, तपासून, तारीख टाकून, पोर्टलवर मराठीत ठेवली तर? खर्च जवळजवळ काही नाही. कोणती अडचण जास्त येते हे कळलं की अर्जातच सुधारणा करता येईल. आज काय होतं? अडचण सुटते, पण ग्रुपच्या आत सुटते. पुढच्या तालुक्यातला माणूस तीच अडचण पुन्हा पहिल्यापासून सोडवतो आणि त्याची वेगळी किंमत मोजतो.

जे आहे तेही कुणी सांगत नाही

सरकारनं काहीच उघडं ठेवलं नाही असंही नाही. काही चांगल्या गोष्टी आहेत आणि त्यांची दवंडी कुणी पिटली नाही.

महसूल विभागाची "आपली चावडी" हे त्यातलं सगळ्यात कामाचं पान. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावात सध्या कोणते फेरफार चालू आहेत ते दिसतं. फेरफार क्रमांक, प्रकार, तारीख, कोणता गट आणि हरकत घ्यायची शेवटची तारीख. पूर्वी नोटीस चावडीवर चिकटवायची आणि ती पावसात गळून पडायची, कधी चिकटवलीच जायची नाही. आता पुण्यात कामाला असलेला भाऊ तिथूनच बघू शकतो की गावाकडच्या आपल्या गटावर काही नोंद पडतेय का. हरकतीला साधारण १५ दिवस असतात. बहिणींची नावं न लावता वारस नोंद करून घेतली, सामायिकातली जमीन एकट्यानं विकली, असे वाद नंतर प्रांताकडं वर्षानुवर्षं चालतात. त्यातले बरेच या पंधरा दिवसांत थांबू शकतात. महिन्यातून दोनदा हे पान बघायला पाच मिनिटं लागतात. कोर्टात किती वर्षं लागतात ते सांगायला नको.

वारस नोंद, बोजा चढवणं-उतरवणं, मयताचं नाव कमी करणं, संगणकीकरणात झालेली सातबाऱ्यातली चूक, यासाठी "ई-हक्क" आहे. अर्ज घरून करता येतो आणि अर्जाचा क्रमांक हातात राहतो. हा क्रमांक महत्त्वाचा. तोंडी सांगितलेल्या कामाला तारीख नसते, क्रमांक असलेल्या कामाला असते. लेखनाच्या चुकीसाठी जमीन महसूल कायद्याचं कलम १५५ आहे आणि ते अधिकार तहसीलदाराकडं आहेत, एवढं माहीत असलं तरी योग्य टेबलापर्यंत जाता येतं.

तिसरी गोष्ट शासन निर्णय. सरकारच्या संकेतस्थळावर जीआर मराठीत फुकट मिळतात. भाषा अवघड असते हे कबूल, "उपरोक्त संदर्भाधीन" वाचता वाचता माणूस झोपतो. पण एक युक्ती उपयोगाची आहे. प्रत्येक जीआरला १८ अंकी सांकेतांक असतो आणि त्याचे सुरुवातीचे आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सॲपवर "आजच आलेला जीआर" म्हणून कुणी काही पाठवलं तर तो आकडा बघा. २०२३ ने सुरू होत असेल तर तो आजचा नाही. सांकेतांकच नसेल तर आणखी सावध व्हा, आणि असेल तर तोच आकडा संकेतस्थळावर शोधून बघा. आणि पीएम किसान किंवा अनुदानाच्या नावानं जी एपीके फाइल येते ती तर उघडायचीच नाही. त्यातून खाती रिकामी झालेली आहेत. झालंच तर लगेच १९३० ला फोन. सरकारी पोर्टलवर माहिती वेळेवर आणि सोपी असती तर या फाइलींवर इतके लोक फसले नसते, हेही तितकंच खरं.

राजस्थाननं काय केलं

आपल्याकडं शक्य नाही असं म्हणणाऱ्यांसाठी राजस्थानचं उदाहरण आहे. १३ सप्टेंबर २०१९ ला तिथं "जन सूचना पोर्टल" सुरू झालं. एकाच जागी अनेक खात्यांची माहिती आणि तीही गावापर्यंत, वॉर्डापर्यंत. लॉगिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. रेशन दुकानात धान्य किती आलं, कुणी उचललं. रोजगार हमीवर कुणाच्या नावावर किती दिवस. पेन्शन कुणाची चालू, कुणाची बंद. खाणीत काम करून सिलिकोसिस झालेल्या मजुरांच्या मदतीचे अर्ज कुठं पोहोचले. गावातला कोणीही कोणाचंही बघू शकतो आणि तिथंच त्याची ताकद आहे.

हे आकाशातून पडलं नाही. तिथं मजूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. हजेरीपट सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे. मेलेल्या माणसाचं नाव हजेरीवर निघालं की गाव ओरडायचं. त्याच रेट्यातून पुढं माहिती अधिकाराची मागणी देशभर गेली. पोर्टल म्हणजे त्याच हजेरीपटाचं मोठ्यानं वाचन, फक्त स्क्रीनवर. महाराष्ट्राला हे नवं नाही. २००५ चा केंद्राचा कायदा यायच्या आधीच आपल्या राज्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता.

तिथंही सगळं चांगलं चाललंय असं नाही. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याकडं फोन नाही, त्याला कुणीतरी वाचून दाखवावंच लागतं. आणि काय उघडं ठेवायचं, काय नाही, याचं तारतम्य लागतं. नाव, गट, रक्कम, स्थिती उघडी असावी. आधार क्रमांक आणि बँक खातं कधीच नाही. आपल्याकडं उलटं चाललंय. पोर्टलवर स्थिती दिसत नाही आणि व्हॉट्सॲपच्या पीडीएफमध्ये खाते क्रमांकासकट याद्या फिरतात.

मागायचं काय, कुणाकडं

कायदा या बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूनं आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणं कार्यालयानं १७ प्रकारची माहिती कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायची आहे आणि ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयाचं कारणही द्यायचं आहे. म्हणजे नुसतं "अपात्र" लिहून चालत नाही. राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. त्यात अधिसूचित असलेल्या सेवेला मुदत आहे, अर्ज फेटाळला तर लेखी कारण द्यावं लागतं, ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, पुढं दुसरं आणि शेवटी सेवा हक्क आयोग. चुकणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. आपली सेवा त्या यादीत आहे का, हे "आपले सरकार" पोर्टलवर खात्यानुसार दिसतं, मुदतीसकट. अपिलाचं बटणही तिथंच आहे. वापरतात किती जण, हा प्रश्न वेगळा.

तालुक्याच्या पातळीवर मागण्यासारखं फार काही अवघड नाही. विशिष्ट क्रमांकाची यादी व्हॉट्सॲपवर पडेल त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, खाते क्रमांक झाकून. पीक विम्याची गटवार यादी ग्रामसभेत वाचावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभा बहुतेक गावांत झेंडावंदन, ठराव आणि चहावर संपतात. तिथं अर्धा तास यादी वाचायला जाईल. सरपंचाला विषयपत्रिकेत हा विषय घ्या म्हणून लेखी अर्ज दिला तर तो नाही म्हणायला कचरतो, आणि नाहीच घेतला तर त्याचंही कारण विचारता येतं.

वरच्या पातळीवरची मागणी आमदारांकडं, पालकमंत्र्यांकडं न्यावी लागेल. प्रत्येक योजनेच्या पोर्टलवर पीएम किसानसारखं कारण वेगवेगळं दिसू द्या. पानावर शेवटचा बदल कधी झाला त्याची तारीख टाका. जुनी पद्धत बंद झाली तर ती बंद झाली असं लिहा. निवडणुकीच्या सभेत किती कोटी आणले हे ऐकायला मिळतं. त्या कोटींतले आपल्या गावचे किती अडकले आणि कशामुळं, हे विचारणारा एक माणूस उभा राहिला तर सभेचा नूर बदलतो.

तोवर एक काम आजच करता येतं. महाडीबीटी, फार्मर आयडी, पीएम किसान, जिथं जिथं नोंदणी आहे तिथं कोणता मोबाईल नंबर लागलाय ते केंद्रवाल्याकडून स्क्रीनवर दाखवून घ्या. दुसऱ्याचा असेल तर बदलून घ्या. त्यासाठी बहुधा आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. आणि आधारलाच जुना, बंद पडलेला नंबर असेल तर आधी आधार केंद्र. तिथं नंबर बदलायचं शुल्क ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. जास्त मागितले तर पावती मागा.